अक्षतेचे आमंत्रण

कानी सांगितलेल्या शब्दामागे सांगणाऱ्याचे मुख उभे असते. तोच शब्द छापला गेला, की तो कोणाच्या दारी जाईल हे कुणाच्याच हाती राहत नाही. सत्तेचाळीस सालच्या श्रावणात आष्टीच्या द्वारकाबाईंना याचा प्रत्यय आला.

निजामी अमलात तिरंगा फडकवण्यास बंदी होती. म्हणून द्वारकाबाई घरोघर अक्षत देत आणि हलकेच ध्वजवंदनाचा वार व जागा सांगत. तीन सभा अशाच निर्विघ्न पार पडल्या. चौथ्या सभेच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचे दीर, शाळेतले मास्तर गिरिधर, निजामी हद्दीपलीकडचे वृत्तपत्र नाचवीत आले.

"वैनी, बघा! म्याच कळवलं होतं. सारं जग बघून राह्यलं म्हणल्यावर हात उचलायची कुणाची छाती हाय?"

"वार छापला, महादेवाचा पार छापला. मंग भावजी, अक्षत तेवढी चौकीवर द्यायची राह्यली!"

पदर खोचून त्या निघाल्या. दिवस मावळेतो तीस घरांतून त्यांनी आमंत्रण माघारी घेतले. वृद्ध कडूबा मात्र ऐकेनात.

"घेतलेली अक्षत कुणी परत देतं व्हय, बाई? लगीन मोडल्यावानी दिसतं. म्या येणार."

दुसऱ्या दिवशी पारापाशी दोनशे माणसे जमली, बहुतेक परगावची, वाचून आलेली. परत जा म्हणणाऱ्या द्वारकाबाईंना त्यांतले कुणी ओळखीना. शिपाई पहाटेपासूनच देवळामागे दबा धरून होते. कडूबांनी ध्वज चढवताच ते तुटून पडले. डोकी फुटली, घोड्याच्या टापेखाली एकाचा हात चिरडला, गोळ्या सुटल्या. वाटा ठाऊक नसलेले पाहुणे बंद गल्लीत शिरले आणि भिंतीशी रेटून झोडपले गेले. कडूबांनी ध्वजाचा बांबू सोडला नाही. बंदुकीच्या दस्त्याने त्यांचे कपाळ फोडले. दुसऱ्या घावाला ते कोसळले.

द्वारकाबाईंनी त्यांना मांडीवर घेतले, तोवर श्वास थांबला होता. धोतराच्या सोग्यात गाठ मारून ठेवलेली अक्षत रक्ताने भिजली होती.

गिरिधर गुडघ्यांवर बसले. "म्या मारलं ह्यांला."

कडूबांची पत्नी साळूबाई धावत आली होती. तिने त्या गाठीवर हात ठेवला.

"ते अक्षतीला आले, मास्तर. तुमच्या कागदाला न्हाई," ती म्हणाली. "कागद वाचून आलेले तिकडं गल्लीत कण्हून राह्यले. त्यांला पाणी न्या."

गिरिधर घागर घेऊन उठले.

अक्षतेवर आलेले आणि अक्षरांवर आलेले, त्या सर्वांच्या जखमा भरून येवोत. घागर वाहणाऱ्या त्या हातांनाही शांती लाभो.