दिव्यावरची कावी

मुळगावच्या सुलोचनाबाईंचा एकच हट्ट होता: लेकीचा, संजनाचा, साखरपुडा घरी व्हायला हवा. त्यांच्या थोरल्या नणंदेला, तारावन्संना, तो म्हापशाच्या हॉलमध्ये हवा होता. घरची बैठकीची खोली मळकट, अंधारी दिसते, पेडण्याची सोयरी माणसं काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. आणि वन्संचं म्हणणं म्हणजे त्या घरात शिक्कामोर्तबच. त्यांचा धाकटा भाऊ शिवदास, म्हणजे सुलोचनाबाईंचा नवरा, त्यांच्यापुढे कधी ब्र काढत नसे. तरी बाईंनी मुदत मागून घेतली. रविवारी संध्याकाळी वन्सं येऊन खोली बघतील, मग काय ते ठरेल.

खोलीत तसं वाईट काही नव्हतं. घात करत होत्या त्या छतातून लोंबणाऱ्या दिव्यांच्या चार दुधी काचेच्या शेड. खाणीची लाल धूळ बसून बसून त्यांवर असे डाग पडले होते की सोड्याने घासा, लिंबाने घासा, ढिम्म. शेवटी रविवारी सकाळी बाईंनी पदर खोचला. जात नसतील डाग, तर रंगवूनच टाकू.

रंग आणायला बाजारात जाणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. तुळशीच्या लग्नाला वृंदावन रंगवलं, त्यातला लाल ऑइलपेंट डब्यात उरला होता. उरलेलं वाया घालवायचं नाही हा आमच्याकडच्या बायकांचा धर्मच, आणि तोच कधीकधी असा नडतो. सकाळी एक हात दिला, जेवणं झाल्यावर चांगला जाड दुसरा. दुपारच्या उजेडात शेड अशा झळकल्या की शिवदासनेही मान डोलावली.

दिवेलागणीला बाईंनी बटण दाबलं. जाड रंगातून उजेडाचा कणही बाहेर येईना. दिव्यांखाली जमिनीवर तेवढी वर्तुळं पडली, बाकी खोली कोळशाच्या वखारीसारखी.

“आता काळोखातच साखर वाटूया,” शिवदास म्हणाला आणि एकटाच हसला.

बाईंना आधी रडू आलं, मग राग आला. रंगाचा, वन्संचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. त्याच रागात त्या स्टुलावर चढल्या, केसांतला आकडा काढला आणि शेडवर कराकरा ओढला. रंग अजून ओला होता. ओरखड्यातून उजेडाची लख्ख रेघ उमटली.

बाईंचा हात थबकला. ही रेघ ओळखीची होती. पेडण्याकडे, त्यांच्या माहेरच्या देवळाच्या भिंतींवर कावी होती: पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून वेली आणि मोर काढायचे. लहानपणी आरती लांबली की त्या वेली बोटाने गिरवत बसायच्या. इथे चुन्याच्या जागी उजेड होता, एवढंच.

मग त्या थांबल्या नाहीत. एक वेल चढली, तिला पानं फुटली, पानांमागून कळ्या आल्या. शिवदास खाली स्टूल धरून उभा राहिला. रंगाची सालपटं त्याच्या टकलावर पडत होती, पण गडी हलला नाही.

वन्सं आल्या तेव्हा तीन शेड झाल्या होत्या. खोलीभर तांबूस, सोनेरी उजेड पसरला होता. आल्या आल्या चहा मागणाऱ्या वन्सं उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, वर बघत.

“ह्यां तूच केलंस?” त्यांनी विचारलं.

“होय, वन्सं,” सुलोचनाबाई वरूनच म्हणाल्या. “आणि साखरपुडो ह्याच खोलीत होतलो. पेडण्याची माणसां हयसरच बसतली.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वन्संना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. शिवदासने घाबरून स्टूल आणखी घट्ट धरलं. वन्संनी पर्समधून फोन काढला आणि थेट पेडण्याला, मुलाच्या आईला लावला. हॉल नको, म्हणाल्या, आमच्या घरचे दिवे बघायला या.

बाईंचा ऊर आनंदाने भरून आला. इतकं मोठं त्यांना त्या घरात कधी वाटलं नव्हतं. खाली उतरून वन्संच्या पाया पडायला हवं होतं, रीत तीच. पण चौथ्या शेडवरचा रंग वाळत चालला होता.

“वन्सं, चाय आज तुम्हीच ठेवा,” त्या म्हणाल्या. “माझो मोर अजून अर्धो आसा.”

तारावन्सं निमूटपणे स्वयंपाकघरात गेल्या.