भाऊजींच्या मशीनमधला पॉवर सप्लाय

धाकटीच्या नवऱ्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि मी त्याच्यावर डूख धरून होते. जवळच्या माणसावर डूख धरणं सोपं पडतं. तो सारखा समोर येतो, विसरायला सवडच मिळत नाही.

माझं काम शिवणाचं. तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत, त्यांच्यासाठी मी कपड्यांचे नमुने आखते. कुणाचा एक खांदा खाली असतो, कुणाच्या पाठीला बाक असतो, कुणी ऑपरेशननंतर एका बाजूने सपाट झालेलं असतं. प्रत्येकाचा नमुना कॉम्प्युटरवर आखून ठेवायचा आणि माणूस जाड-बारीक झालं की तेवढी रेघ सरकवायची. म्हणजे माझ्या टेपसमोर माणसाला एकदाच उभं राहावं लागतं. नंतर फोनवर सांगितलं तरी काम होतं. माझ्याकडे लोक टिकले ते शिलाईमुळे कमी आणि ह्यामुळे जास्त.

एका दुपारी त्या कॉम्प्युटरमधून फट् असा आवाज झाला, जळक्या रबराचा वास सुटला आणि पडदा काळा झाला. पॉवर सप्लाय, म्हणजे आत सगळ्यांना वीज पुरवणारा भाग, गेला होता. नुसता गेला असता तर दुसरा आणला असता, पण जाताना तो सगळे नमुने असलेल्या दोन्ही डिस्क घेऊन गेला. दुसरी डिस्क भाऊजींनीच बसवून दिली होती. ‘ताई, एक गेली तर दुसरी आहे. डबल सेफ.’ दोन्ही डिस्क एकाच डब्यात आणि एकाच पॉवर सप्लायवर, हे त्यांच्या लक्षात आलं नाही की आलं आणि गप्प बसले, कोण जाणे. पॉवर सप्लायही त्यांच्याच दुकानातला.

दुरुस्तीवाल्याने तो माझ्यासमोर उघडला. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तोंड फार वाईट करून निदान सांगतो.

‘हे बघा,’ तो म्हणाला. आत एका बाजूला सिमेंटचा गोळा चिकटवलेला होता.

‘हे काय काम करतं?’

‘वजनाचं. लोक हातात घेऊन बघतात, जड लागला की चांगला समजतात. डब्यावर जेवढी ताकद लिहिलीय त्याच्या निम्मीही हा देत नसणार.’

‘मग चांगला ओळखायचा कसा?’

‘सलग किती ताकद देतो ते विचारायचं, क्षणभर किती ते नाही. वॉरंटी किती वर्षांची ते बघायचं. ज्याला स्वतःच्या मालाची खात्री असते तो लांबची मुदत देतो.’ मग त्याने तोंड आणखी वाईट केलं. ‘पण ताई, स्टिकर काय, कुणीही छापतं.’

मी ते मनात ठेवलं आणि त्या आठवड्यात धाकटीकडे जेवायला गेले. भांडायला गेले नव्हते, खरंच सांगते. काय झालं ते सांगायला गेले होते. मशीन गेल्याचं धाकटीला फोनवर बोलले होते, पण मी तोंड उघडायच्या आत भाऊजींनी ताटावरूनच सगळ्यांना सांगून टाकलं, ‘ताई स्विच असा मारतात, जसं काही झुरळ मारतायत. मशीन बिचारं किती सोसणार?’

सगळे हसले. धाकटीही हसली. मीसुद्धा हसले, कारण तोंडात घास होता आणि दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या एक जुन्या गिऱ्हाईक, शाळेतल्या बाई, आल्या. त्यांचं ऑपरेशन होऊन बराच काळ लोटला होता. पहिल्यांदा माप दिलं तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते, आणि निघताना म्हणाल्या होत्या, ‘सुटले एकदाची.’ मी त्यांना सांगितलं की माप परत घ्यावं लागेल.

‘परत?’ एवढंच त्या म्हणाल्या. मग शर्ट काढून घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. टेप गार असतो. मी तो आधी तळहातात गरम करून घेतला, तरी त्यांचं अंग शहारलं. तेव्हा मी ठरवलं, भाऊजींना सोडायचं नाही.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांना माझ्या कामातलं काही कळत नाही, पण माणसं कळतात.

‘भांडू नकोस,’ त्या म्हणाल्या.

‘मग काय करू, गप्प बसू?’

‘भांडलीस तर तो माफी मागेल आणि सुटेल. सुटू देऊ नकोस.’

मी दुकानात गेले ती गर्दीची वेळ बघून. काउंटरला माणसं लागलेली, एक जण हेल्मेट हातात अडकवून माऊस दाबून बघत होता.

‘या, ताई, या,’ भाऊजी म्हणाले. ‘काय सेवा करू?’

‘पॉवर सप्लाय हवाय. भरवशाचा.’

त्यांनी मागच्या फळीवरून तोच डबा काढून पुढे ठेवला. तोच निळा, त्यावर तीच वीज चमकलेली. लाज तरी वाटायची थोडी. ‘हा घ्या. दुकानातून सगळ्यात जास्त हाच जातो.’

‘हो, माझ्या घरूनही गेला.’

हेल्मेटवाला हसला. भाऊजी हसले नाहीत.

‘तुमच्या मशीनमध्ये कोणता आहे?’ मी विचारलं.

‘कुठल्या मशीनमध्ये?’

‘ह्या. गल्ल्यावरच्या. बिलं करता त्या.’

‘तो होय. तो जुना आहे, ताई. साधारण हाच.’

‘हाच?’

‘हाच की. सगळे एकाच जातीचे असतात.’

‘मग तो मला द्या आणि हा तुम्ही लावा. तुम्ही वापरलेला म्हणजे पारखलेला.’

‘काहीतरीच काय, ताई. नवा सोडून जुना कशाला घेता?’

‘नव्याचा अनुभव घेऊन झालाय.’

‘द्या की हो,’ हेल्मेटवाला म्हणाला. ‘घरचंच माणूस आहे. आणि सारखेच आहेत तर तुमचं काय जातंय?’

भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. ‘हाच’ असं सगळ्यांसमोर म्हणून बसले होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. आतून निघाला तो काळाभोर, जाड वायरींचा, अंगावर लांबलचक वॉरंटीचं स्टिकर असलेला. त्याच्या जागी निळ्या डब्यातला बसवताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पंखा मात्र दुकानभर गार वारा टाकत होता.

‘झालं समाधान?’ त्यांनी हळूच विचारलं.

‘सुरू झालं,’ मी म्हणाले.

आता मी दर आठवड्याला दुकानात डोकावू लागले. कधी वायर घ्यायला, कधी नुसतीच. नव्या पॉवर सप्लायचा पिवळा पंखा मशीनच्या मागच्या जाळीतून दिसायचा. मी आत शिरले की आधी तिकडे बघायची, आणि मी बघते हे भाऊजींना दिसेल असं बघायची. म्हणजे गुपचूप बदलायची सोय नाही.

‘कसं चाललंय, भाऊजी?’ मी चारचौघांत विचारायची.

‘मस्त, ताई.’

पण मशीन बंद असायचं. वर कापड टाकलेलं. भाऊजी हाताने बिलं लिहीत बसलेले, अक्षर असं की गिऱ्हाईक बिल उलटं धरून वाचत. वीज वाचवतोय म्हणाले. स्वतःच्या दुकानातला माल स्वतःच्या मशीनला लावून माणूस ते सुरू करायला घाबरत होता. जळण्याहून हे मला जास्त आवडलं. जळलं असतं तर एकदाच जळलं असतं.

‘पेटलं का?’ सासूबाई घरी विचारत.

‘अजून नाही. हळूहळू शिजतायत.’

‘आच कमी करू नकोस,’ त्या म्हणत.

मग धाकटी तक्रार घेऊन आली. ती एका पेपरसाठी शब्दकोडी बनवते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तिथेच बसून करते.

‘ताई, हे मला मशीनला हात लावू देत नाहीत. विचारलं की म्हणतात, काम चालू आहे. काम कसलं, कापड टाकून ठेवलंय. आता कोडं कुठून देऊ मी?’

‘तुझी कोडी त्यात आहेत?’

‘मग काय डब्यात घालून ठेवू? सगळी त्यातच आहेत. पुस्तक करायचं म्हणतायत ते लोक.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ‘कुठेतरी कॉपी काढून ठेव,’ मी म्हणाले.

‘सुरूच करू देत नाहीत तर कॉपी कशी काढू?’

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. पण धाकटीच्या पोटात काही राहत नाही. रात्री जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं असतं, त्याने मुकाट्याने चांगला बसवला असता आणि माझा सगळा डाव वाया गेला असता. मी तिला चहा दिला.

शनिवारी मी दुकानात होते. एक जोडपं मुलीसाठी मशीन जुळवून घेत होतं. बाईच्या हातात तो निळा डबा होता आणि भाऊजी तिला सांगत होते, ‘वजन बघा ना, नुसतं वजन बघा.’ तेवढ्यात धाकटी आली. सरळ गल्ल्यामागे गेली, कापड ओढून काढलं आणि स्विचवर हात ठेवला.

मी बघत होते. ओरडायला वेळ होता. मी ओरडले नाही.

भाऊजींनी काउंटरवरून अंग झोकून दिलं आणि भिंतीतला प्लग उपसला. ‘हात लावू नकोस, जळेल ते.’

जोडपं वळून बघू लागलं.

‘का जळेल?’ धाकटीने विचारलं. ‘नवा बसवलाय ना तुम्ही?’

भाऊजी प्लग हातात धरून उभे होते. गिऱ्हाईक बाईने निळा डबा काउंटरवर ठेवला, गरम भांडं ठेवावं तसा, बोटं पटकन काढून घेत.

‘ताई, तुम्ही तरी सांगा यांना काहीतरी,’ भाऊजी म्हणाले.

किती वाक्यं जमवून ठेवली होती मी. त्यांतलं एकही लागलं नाही. ‘मी काय सांगणार, भाऊजी? बोललात तुम्हीच.’

‘ताईला हाच दिला होता तुम्ही?’ धाकटी म्हणाली.

‘दिला,’ ते म्हणाले. मग गिऱ्हाइकांकडे न बघता, ‘ढीगभर माल उचलून ठेवला होता. खपवायचा होता.’

जोडप्यातल्या माणसाने घसा साफ केला. ‘मग चांगला कोणता आहे, तो दाखवा की.’

भाऊजी शिडी आणायला मागे गेले. धाकटी मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

‘माझा हात स्विचवर होता तेव्हा तू काय करत होतीस?’

‘बघत होते.’

‘कोडी जळली असती माझी.’

‘हो.’

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी माझ्या हातून तिची वस्तू फुटली की अशीच बघायची, पण तेव्हा रडायचीही.

‘नवऱ्यावर सूड घे, ताई, मी आडवी येणार नाही,’ ती म्हणाली. ‘माझं काम मध्ये आणायचं नाही.’

ती आत गेली. मला कुणी आत बोलावलं नाही. काचेतून दिसत होतं, भाऊजी खाली वाकून गल्ल्यावरच्या मशीनचे स्क्रू सोडवत होते आणि जोडप्याला थांबवून धाकटी नवऱ्याच्या डोक्यावर उभी होती. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

घरी सासूबाईंनी सगळं दोनदा सांगायला लावलं. प्लग उपसला ते तर जागेवरून उठून करून दाखवायला लावलं. स्विचवर धाकटीचा हात होता, तेवढं मी दोन्ही वेळा गाळलं.