हर्मानसाहेबाचा तवा

दहाव्याच्या पिंडाकडे कावळा ढुंकूनही बघेना, तेव्हा नदीकाठची मंडळी चुळबुळायला लागली. कावळा नव्हता असं नाही. समोरच्या कडुलिंबावर चांगला गलेलठ्ठ बसला होता, पण पाठ फिरवून. मेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पंचाईत एवढीच की मेलेला माणूस जर्मनीचा होता.

हर्मानसाहेबाला मलकापूरच्या पाद्र्याने त्यांच्या रीतीने पुरलं होतं. पण कारखान्यातल्या माणसांना ते काही पटेना. एवढा मोठा माणूस, आणि त्याचं दहावं नाही? साहेबाचा उजवा हात असलेल्या पुंजाजी मिस्त्रीने ते अंगावर घेतलं. भटजींनी गोत्र विचारलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, असं म्हणून भटजींनी साहेबाला काश्यप गोत्रात घेऊन टाकलं आणि कामाला लागले.

साहेबाने रोहिणखेडच्या वाटेवर लोखंड ओतायचा कारखाना काढला तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. कोळसा मलकापूर टेसनावरून बैलगाडीने आणायचा आणि इथे भट्टी पेटवायची, हा काय धंदा झाला? पण दोनचार वर्षांत त्याचे उसाचे चरक देऊळगाव राजापर्यंत गेले, विहिरीविहिरींवर त्याची मोटेची चाकं फिरायला लागली, आणि हसणारेच कारखान्यात कामाला लागले. वैशाखात भट्टीजवळ उभा राहू नको, निदान खिशात कांदा तरी ठेव, असं त्याला किती जणांनी सांगितलं. तो हसला. ऊन लागलं आणि गेला.

"साहेब, तुमच्या कुत्र्याले मी सांभाळतो," पंजाबराव पाटील हात जोडून म्हणाले. कावळा हलला नाही.

"धुराड्याचं काम अर्धं राह्यलं, ते पुरं करतो," पुंजाजी म्हणाला. कावळ्याने पंख साफ केले.

"बाटली ठेवून पाहा बे कोणी," मागून भट्टीवरचा इंद्रभान पुटपुटला. भटजींनी डोळे वटारले, पण ऊन असं होतं की ठेवली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं.

वडाखाली बायकांत बसलेल्या मनकर्णाबाईला मात्र साहेबाला काय हवं होतं ते पक्कं ठाऊक होतं. ती पुंजाजीची बायको. साहेबाच्या अख्ख्या कारकिर्दीत त्याला हरवणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे ही.

साहेब दर रविवारी मिस्त्रीच्या घरी जेवायचा. पहिल्याच वर्षी त्याने मोठ्या हौसेने बिडाचा तवा ओतून आणला. तिने त्यावर भाकर टाकली, ती चिकटली, आणि तिने तवा अंगणात भिरकावला. भाकर मातीच्याच तव्यावर व्हावी, हा तिचा निकाल. तिथून युद्ध जुंपलं. साहेबाने पातळ तवा केला, जाड केला, खोलगट केला. गावातल्या घराघरात त्याचे तवे गेले. मनकर्णाबाईच्या चुलीवर मात्र रविवारी माती. साहेब आत वाकून बघायचा, भाकर खायचा आणि सुस्कारा टाकायचा. "भाकर चांगली. पण माती!"

परवाच्या रविवारी तिने सवयीने त्याच्या वाटचं पीठ मळलं होतं, आणि मग त्या पिठाच्या गोळ्याकडे बघत ढसाढसा रडली होती.

आता सगळ्या गावासमोर बोलायचं म्हणजे नाक खाली करायचं. आणि नाक तर तिचं साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. पण साहेब असा अधांतरी लोंबकळत राहिला तर? तिथे त्याला विचारणारं कोण? तिने पदर खोचला आणि उठली.

"अवं, तू कुठं चालली?" पुंजाजी ओरडला.

"तुमी चूप बसा."

ती पिंडापुढे जाऊन उभी राहिली. हात जोडायचं तिला सुचलं नाही. ती कमरेवर हात ठेवून कडुलिंबाकडे बघत बोलायला लागली, जशी रविवारी चुलीपाशी बोलायची.

"साहेब, आयका. तुमचा तवा चांगला हाये. तो जाडवाला. लय वर्सं झाले, मी त्याच्यावरच भाकरी करून राह्यली."

मंडळींत कुजबुज झाली.

"तुमी यायच्या आंधी सगळ्या भाकरी करून घ्याची, तवा कोठीमागं लपवाची, अन् चुलीवर मातीचा ठेवाची. तुमी माती माती करत खाल्ली ना, ते तुमच्याच लोखंडावरची होती."

"काऊन वं असं?" पुंजाजीला राहवलं नाही.

"काऊन म्हंजे? हो म्हटलं असतं तं साहेब जिकले असते! मंग आले असते काय दर आइतवारी? त्या बंगल्यात एकट्यानं डबे फोडून खाल्लं असतं." ती पुन्हा कडुलिंबाकडे वळली. "तुमाले इथं कोणी नोयतं, साहेब. म्हून म्या भांडन चालू ठेवलं. अन् खरं सांगू, मले बी..."

कडुलिंबावरून काळं काही सरळ खाली आलं. कावळ्याने पिंडात चोच खुपसली. "शिवला! शिवला!" म्हणत सगळी मंडळी एकदम उठली. भटजींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुंजाजी पंच्याने डोळे पुसायला लागला.

मनकर्णाबाईचे डोळे घळाघळा वाहत होते, पण ती जागची हलली नाही. ती कावळ्यावर खेकसली, "थांबा ना जी साहेब! माह्यं बोलनं तं होऊ द्या!"