मी मोदकांची चाळणी नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी ॲल्युमिनियमची चकती आहे, आणि एके काळी माझ्यातून माणसांचे चेहरे उमटत असत. नाही पटलं ना? कुणालाच पटत नाही. कुमुदिनीकाकूंना तर मुळीच नाही. म्हणून तर ऐन गणपतीत मी दाराशी, भंगाराच्या पिशवीत पडले आहे. आरतीला वेळ आहे, तोवर ऐका.

माझी कल्पना पॉल निपको याची. बर्लिनमधला विद्यार्थी, खिसा रिकामा, नाताळची संध्याकाळ, खोलीत एकटाच. दुसरा असता तर रडत बसला असता. हा पठ्ठ्या विचार करत बसला, की चित्र तारेतून पाठवायचं कसं? अख्खं जात नाही ना? मग ओळीओळीने पाठवू! चकतीच्या कडेने गोगलगाईच्या शंखासारख्या वळणात भोकं पाडायची. चकती गरगरली की एकेक भोक चित्राची एकेक ओळ टिपतं, आणि आपले डोळे त्या ओळी जोडून घेतात. केवढं डोकं! घराघरांत टीव्ही यायच्या कितीतरी आधी!

पुढे इथे, युट्रेख्ट या डच शहरात, एका रेडिओवेड्या आजोबांनी मला विजेच्या मोटरवर चढवलं. माझ्यामागे नारिंगी दिवा, समोर टपाल तिकिटाएवढा चेहरा. शेजारची एक बाई तर तो चेहरा आपल्यालाच बघतोय असं वाटून केस सारखे करायची! मग काचेच्या पडद्याचे टीव्ही आले आणि मी माळ्यावर गेले.

यंदा राजाच्या वाढदिवशी, इथल्या रिवाजाप्रमाणे, आजोबांच्या नातीने माळ्यावरचं सामान रस्त्यावर चादर अंथरून विकायला मांडलं. कुमुदिनीकाकू सायकलवरून उतरल्याच.

"अगंबाई, मोदकपात्राची चाळणी! पुण्याहून आणायची राहिली होती."

"डच लोक मोदक कधीपासून करायला लागले?" विश्वासकाकांनी विचारलं.

"तुम्ही पिशवी धरा हो!"

आज मला पातेल्यात बसवलं. भोकं सगळी कडेला, मी तरी काय करणार? आसाच्या भोकावरचा मोदक वाफेने फुटला, कडेचे जेमतेम शिजले, बाकीचे कच्चे.

"कसली मेली चाळणी! उद्याच भंगारात."

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती कोण होती, एवढं तरी विचारा. मी काही साधीसुधी नाही. प्रत्यक्ष निपकोने मला घडवलं. एकेक भोक स्वतःच्या हाताने पाडलं, वर फुंकर मारली आणि म्हणाला—

"नेऽ, नाही! खोटं!" काकूंची नीलांबरी मोबाइलमधून मान वर काढून ओरडली. "त्याने चकती बनवल्याचा प्रूफच नाही! फक्त पेपरवर आयडिया होती. फोटो बघ ना आई, भोकं सेम आहेत. ही टीव्हीचीच आहे! भंगारात नाही जाणार ही. बाबा, टेबलफॅनची मोटर काढून द्या!"