डाव्या पंखावरचा अंगठा

इंग्लंडातल्या थॉर्नबेक गावच्या मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जे सतरा-अठरा म्हातारे आपापली प्लास्टिकची विमानं घेऊन जमायचे, त्यांच्यातल्या एकालाही विमान बांधता येत नाही, असं डेस्मंड पास्कचं ठाम मत होतं. एकाला रंग कळत नव्हता. दुसऱ्याला सांधा मिटवता येत नव्हता. तिसरा तर चक्क डब्यावरचं चित्र बघून रंगवायचा, आणि असल्या माणसाशी पास्क हवापाण्यापलीकडे बोलत नसे.

बावीस वर्षं तो या क्लबचा परीक्षक होता. त्याच्या खिशात एक बारकी टॉर्च असायची. ती पंखाला आडवी धरली की बांधणाऱ्याचं सगळं पाप वर येतं, असं तो सांगायचा. पाप वर आलं की त्याचा चेहरा खुलायचा, आणि ते नाही आलं तर तो टॉर्चचे सेल तपासायचा. युद्धातल्या विमानांच्या बेचाळीस सालच्या हिरव्यात आणि त्रेचाळीसच्या हिरव्यात फरक काय, यावर त्याने एकदा चहा गार होईपर्यंत कीस काढला होता. बायको बहिणीकडे चार दिवस म्हणून गेली ती तिकडेच राहिली, याचं क्लबात कुणालाही नवल वाटलं नव्हतं.

या सगळ्या पाप्यांमध्ये अव्वल म्हणजे विल्फ गोस्लिंग. बिटाच्या साखर कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होता, हात फावड्यासारखे. रंगाचा फवारा मारणाऱ्या एअरब्रशला त्याने कधी हात लावला नाही. ब्रश बुडवायचा, शीळ घालत रंग फासायचा, वाळायच्या आत उचलून सगळ्यांना दाखवायचा. पास्कने टॉर्च काढली की तो विमान हातभर लांब धरायचा आणि म्हणायचा, "अरे डेस्मंड, वीस हजार फुटांवरून कुणाला दिसतंय रे?" सगळे खो खो हसायचे. पास्क हसायचा नाही. तो दरवर्षी विल्फला दहापैकी तीन-चार मार्क द्यायचा, आणि विल्फ ते बायकोला फोन करून कळवायचा. "बेरिल, चार! गेल्या साली साडेतीनच होते!"

फेब्रुवारीत विल्फ वारला. मार्चमध्ये बेरिल पास्कच्या दारात उभी राहिली, हातात कपड्यांची टोपली. टोपलीत टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेलं चार इंजिनांचं लँकेस्टर बॉम्बर.

"त्याचं शेवटचं आहे, मिस्टर पास्क," ती म्हणाली. "चाकं, पंखे आणि अक्षरं तेवढी राहिलीत. पुढच्या शनिवारी क्लबच्या शोमध्ये त्याच्या नावाचं टेबल ठेवू म्हणतात क्लाइव्ह. तुम्ही पुरं करून द्याल?"

"क्लाइव्हला सांगायचं होतंत. तो अध्यक्ष आहे."

"विल्फ म्हणायचा, हात आहे तो एका डेस्मंडचा. बाकी सगळे आमच्यासारखेच."

पास्कला हे ऐकून बरं वाटलं. विल्फला निदान एवढी तरी अक्कल होती म्हणायची.

"फक्त एक करा," बेरिल म्हणाली. "त्याने जे केलंय त्याला हात लावू नका. वेडंवाकडं असेल, मला काय कळतंय. पण त्याच्या हातचं तेवढंच राहिलंय माझ्याकडे. असू दे तसंच."

"अर्थात," पास्क म्हणाला. म्हणताना त्याला तसंच वाटतही होतं.

चाकं, पंखे आणि अक्षरं लावायला एक दुपार लागली. तिथे थांबला असता तर ही गोष्टही तिथेच संपली असती. पण त्याने टॉर्च लावली. रंगात ब्रशचा केस अडकलेला. पोटाखालच्या सांध्यात पेन्सिल मावेल एवढी फट. काचेमागे बसवलेल्या पायलटचे दोन डोळे दोन दिशांना. आणि डाव्या पंखावर, इंजिनाजवळच्या तपकिरी पट्ट्यात, अख्खा अंगठा उठलेला, एकेक रेष मोजून घ्यावी असा. ओल्या रंगात विमान धरण्याची चूक शाळेतली पोरं करतात.

"अंगठेबहाद्दर," पास्क पुटपुटला आणि टॉवेल टाकून विमान झाकून ठेवलं.

दोन दिवस त्याने टॉवेल उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या मनात आलं, पोट कोण बघतंय? खालची फट बुजवली तर विल्फचं काही बिघडत नाही. त्याने पुट्टी भरली, घासली. घासताना काळा रंग गेला म्हणून पोट नव्याने काळं केलं. पोट असं तुळतुळीत झाल्यावर वरचे पंख फारच गावंढळ दिसायला लागले. उजवा पंख घेतला. तो झाल्यावर डावा ठेवून कसं चालेल? विल्फचा अंगठा गेला तो मंगळवारी सकाळी, टोस्ट आणि चहाच्या मधल्या वेळात, ओल्या पॉलिश पेपरखाली, वीस सेकंदांत. पास्कला वाईट वाटलं नाही. उलट आपण मेलेल्या माणसाची लाज राखली, असंच त्याला वाटलं. विल्फचा म्हणून एक पायलट तेवढा उरला, तोही काचेच्या आत कोंडलेला होता म्हणून.

बुधवारी संध्याकाळी विमान तयार झालं. बावीस वर्षांत त्या हॉलमध्ये एवढं देखणं लँकेस्टर आलं नव्हतं, हे खरंच होतं.

गुरुवारी दुपारी बेरिलचा फोन आला.

"मिस्टर पास्क, सहज विचारते हं. डाव्या पंखावर त्याचा अंगठा आहे बघा. तो आहे ना?"

पास्कने टेबलावरच्या तुळतुळीत डाव्या पंखाकडे पाहिलं.

"जानेवारीत उमटला तो ठसा," बेरिल सांगत होती. "हॉस्पिटलचा फोन वाजला आणि हा ओलं विमान हातात धरूनच उठला. आधी शिव्या घातल्या, मग हसायलाच लागला. म्हणाला, डेस्मंडची टॉर्च नेमकी इथेच पडणार बघ. मी म्हटलं, पुसशील तर खबरदार. मी मुद्दाम हात नाही लावला कधी, जपून ठेवलाय. शनिवारी सगळ्यांसमोर त्याच्यावर माझा अंगठा ठेवणार आहे. हसू नका मला."

"नाही हसत."

"आहे ना पण?"

खरं बोलायला तीन शब्द पुरले असते. तीन शब्दांत त्याने आजवर कितीजणांच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी ओतलं होतं. पण स्वतःची चूक सांगायची त्याला सवयच नव्हती.

"आहे," तो म्हणाला.

मग हा थोर परीक्षक आपलंच काम बिघडवायला बसला. आणि काय गंमत, ते त्याला जमेना! ब्रशने रंग फासायला घेतला की हात आपोआप हलका पडायचा, रंग काचेसारखा सपाट बसायचा. तीनदा रंग लावला, तीनदा थिनरने पुसला. वीस हजार फुटांवरून दिसणार नाही असलं काम जन्मभर टाकाऊ म्हणून हिणवलं, आणि आता ते डोळ्यांसमोर धरूनही करता येईना. शेवटी त्याने ब्रश डाव्या हातात घेतला. तेव्हा कुठे विल्फसारखं काहीतरी उमटलं.

रंग चिकट होऊ दिला, श्वास रोखला आणि उजवा अंगठा दाबला. ठसा छान उठला. रेषा जरा पुसट होत्या, कारण चाळीस वर्षं प्लास्टिक घासून त्याचीच बोटं गुळगुळीत झाली होती. पण अंगठा दिसत होता. शनिवारपर्यंत रंग वाळला.

शनिवारी हॉल भरला. टेबलांवर विमानं, कोपऱ्यात चहाचं पिंप, आणि क्लाइव्हच्या बायकोने आणलेला मनुकांचा पाव आणि चीज. परीक्षणाला या खेपेस जवळच्या न्यूअर्क गावाहून पाहुणा आला होता, कारण पास्कला अखेर स्वतःचं विमान स्पर्धेत ठेवायचं होतं. पाहुण्याच्याही खिशात टॉर्च होती. विल्फच्या टेबलाशी तो थबकला.

"हे काय? पोट बघा, सांधा शोधून सापडत नाही. आणि वरती हा अंगठा! पुसायला काय धाड भरली होती?"

"राहू दे तो," पास्क म्हणाला.

क्लाइव्हने दचकून त्याच्याकडे पाहिलं. पास्कच्या तोंडून 'राहू दे' त्याने आज पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तेवढ्यात बेरिल आली, निळा कोट घालून, केस सेट करून. कुणाशी न बोलता सरळ विमानापाशी गेली. वाकली आणि डाव्या पंखावरच्या ठशावर हलकेच आपला अंगठा ठेवला. पास्क भिंतीला टेकून उभा होता.

तिने अंगठा उचलला, पुन्हा ठेवला. मग चष्मा काढून, पुसून, परत लावला.

"एवढासाच?" ती म्हणाली. "माझ्याएवढाच आहे हा."

तिने आपला अंगठा ठशाशेजारी धरून पाहिला.

"त्याचा तर केवढा होता. माझे हातमोजे त्याच्या बोटांवरून खाली उतरायचे नाहीत." तिने पंखावरून हात काढून घेतला. "म्हणजे जानेवारीतच इतका वाळला होता? आणि मी त्याला रोज म्हणत होते, नाटकं नको करूस, ऊठ, जिना चढ. माझ्या लक्षातच आलं नाही हो. इतकी वर्षं शेजारी झोपले आणि मला दिसलं नाही." ती पास्ककडे वळली. "तुम्हाला सगळं दिसतं, मिस्टर पास्क. डिसेंबरात भेटला होतात तुम्ही. तुम्हाला दिसलं होतं का?"

पास्कला विल्फचे हात डोळ्यांसमोर दिसले. डिसेंबरात ते फावड्याएवढेच होते. हे त्याने सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं, इथे, सगळ्या क्लबासमोर.

"रंग आक्रसतो," तो म्हणाला.

"काय?"

"इनॅमल आहे. वाळताना आक्रसतं. त्याच्याबरोबर ठसाही लहान होतो. महिन्या-दोन महिन्यांत निम्म्यावर येतो. विल्फ धडधाकट होता, मिसेस गोस्लिंग. मी पाहिलंय त्याला."

अख्खा हॉल त्याच्याकडे बघत राहिला. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं की ही शुद्ध थाप आहे.

"खरंच?" बेरिल म्हणाली.

"खरंच."

तिने डोळे पुसले, मान हलवली. "मूर्खासारखी रडले उगाच," ती म्हणाली, आणि क्लाइव्हच्या बायकोने तिला हाताला धरून चहाकडे नेलं.

ती ऐकू येणार नाही इतकी लांब गेल्यावर पाहुणा क्लाइव्हकडे वळला. "इनॅमल आक्रसतं? निम्म्यावर येतं? बावीस वर्षं तुम्ही या माणसाकडून मार्क घेत होतात?"

क्लाइव्हने पंखावरच्या ठशाकडे पाहिलं, मग पास्कच्या उजव्या हाताकडे. अंगठ्याच्या नखात तपकिरी रंगाची कड होती.

"घेत होतो," तो म्हणाला. "मला एकदा दोन दिले होते त्याने."

पास्कने हात खिशात घातला.