बावीस, घेता का?

"बावीस," प्राध्यापक मारेगा म्हणाले. "घेता का, बाई?"

नीवेसचं लक्षच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत जूनचं ऊन समुद्रावरून आत आलं होतं आणि छतावर हलत होतं. ती कधीची त्या हलत्या उजेडाकडे बघत बसली होती. आपण पाण्याखाली आहोत आणि वरून कुणीतरी काहीतरी विचारतंय, असं तिला वाटत होतं.

आमच्याकडे इटलीत तोंडी परीक्षेत गुण सांगून विचारतात, घेता का म्हणून. तीसपैकी अठरा मिळाले की पास; पण पटले नाहीत तर नको म्हणायचं आणि पुन्हा यायचं. विद्यार्थ्याला एवढा एक मान आहे, आणि नीवेस ब्रेसाननं तो पुरेपूर वापरला होता. जानेवारीत तिनं सव्वीस नाकारले, फेब्रुवारीत सत्तावीस. उपयोजित वित्तशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासातला हा शेवटचा विषय. प्रबंध लिहून तयार होता. पण त्रिएस्तेच्या एका विमा कचेरीत अर्धं आयुष्य खिडकीमागे काढलेल्या या बाईला तीसच हवे होते. एकावन्नाव्या वर्षी तिनं नाव घातलं तेव्हा "आता आमच्या साहेब होणार वाटतं!" म्हणून कचेरीत खसखस पिकली होती. ती तिच्या कानातून अजून जात नव्हती. कुणाला बोलायला जागाच ठेवायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. हट्टी बाई!

तिचे वडील एजीदिओ दर वेळी कपाळावर हात मारून घेत. चाळीस वर्षं केस कापायचं दुकान चालवलेला माणूस. "सत्तावीस नको म्हणालीस? अगं, मला तुझ्या आईनं लग्नात अठरासुद्धा दिले नव्हते!" तेव्हा दोघंही हसली होती. मग एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की त्यांच्या नजरेतला डाग पसरतोय, उन्हाळा सरेपर्यंत फारसं काही दिसेलसं वाटत नाही. पदवीदान जुलैत होतं. त्यानंतरचं थेट नोव्हेंबरात.

आजचा प्रश्नही साधाच होता. एखादी वस्तू ठरल्या किमतीला घेण्याचा हक्क तुमच्या हातात आहे, मुदत लांब आहे. तर तो हक्क कधी वापरावा? थांबण्यात काही जात नसेल तर शेवटच्या दिवशी, हे पुस्तकातलं उत्तर तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी देता आलं असतं. पण तोंडून भलतंच निघालं होतं.

"समजा, अंजिराचं झाड आहे," ती म्हणाली. "ते मी घेणारच आहे. पण मी थांबलेय तोवरची अंजिरं दुसरंच कुणीतरी खातंय. ती काही मला परत मिळायची नाहीत. मग कशाला थांबायचं, सर? लगेच घ्यायचं."

"झाड छान आहे. आता फळ्यावर मांडून दाखवा."

तिनं खडू हातात घेतला आणि सगळं विरघळून गेलं. अंजिरं दिसत होती, पानांमधून बाबांची खिडकीजवळची खुर्ची दिसत होती, फक्त सूत्र कुठेच नव्हतं. तिनं खडू परत ठेवला. मग येऊन खाली बसली.

"बाई?" मारेगांनी पुन्हा विचारलं. ते तिच्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. "सत्तावीसला नाक मुरडलंत तुम्ही. आज बावीस घेतलेत तर विशेष प्रावीण्य गेलंच समजा. सप्टेंबरात या ना. तुम्हाला येतं हे, मला ठाऊक आहे."

ते मायेनं बोलत होते, म्हणून तर जास्तच जड गेलं. सप्टेंबर. तीस. कचेरीतली सगळी मंडळी आ वासून बघतायत. नीवेसनं ते सगळं एकदा डोळे भरून पाहून घेतलं.

"घेतले," ती म्हणाली.

"नक्की?"

"लिहून टाका, सर. पुन्हा विचारू नका."

खाली धक्क्यावर, कॉफीच्या दुकानाबाहेर बाबा बसले होते. एवढ्या उन्हात इस्त्रीचा कोट घालून.

"किती?"

"बावीस."

"आणि?"

"घेतले."

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "माझ्यासाठी घेतलेस. गाढव आहेस."

"तुमचीच मुलगी."

"आणि जुलैपर्यंत तरी मला दिसेल, असं वाटतंय तुला?"

तिला एकदम रडू आलं.

"उभी राहा बघू," ते उठत म्हणाले. "इकडे, उन्हात ये."

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी तोंड फिरवून समुद्राकडे केलं. समोर पाहिलं की मधोमध नुसता करडा ठिपका येई. माणूस बघायचं तर त्यांना दुसरीकडे पाहावं लागे. समुद्राकडे तोंड करून ते तिला बघत राहिले, चांगला वेळ. पदवीच्या दिवशी डोक्यावर लॉरेलच्या हिरव्या पानांचा मुकुट घालतात. त्यांचे हात उचलले गेले आणि तिच्या केसांपासून दोन बोटं वर, रिकाम्या हवेत थांबले.

"जरा डावीकडे कललाय," ते म्हणाले आणि त्यांनी तो नीट केला. "हलू नकोस."

नीवेस हलली नाही.