पाचवं शील

संध्याकाळी तसबिरींपुढे उदबत्ती लागली, की पियुष चपला घालून घराबाहेर पडायचा. वच्छलाबाईंच्या जिवाला ते फार लागायचं. सासऱ्यांनी छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून राजुऱ्याच्या या घरात वंदना चुकलेली नव्हती. हाच नातू लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून बोबडं त्रिसरण म्हणायचा, अन् अडखळला की त्यांचंच नाक ओढायचा. आता नागपूरहून स्पर्धा परीक्षांची तयारी अर्धवट सोडून आला होता. दार लावून पडलेला असायचा. जेवण नाही, बोलणं नाही.

एका दुपारी त्याच्या अंगावर चादर घालायला वाकल्या अन् दारूचा वास आला. वच्छलाबाईंनी आधी घराच्या खिडक्या लावल्या. कुणी विचारलं की सांगायच्या, "अभ्यास करून राह्यला."

बाजाराच्या दिवशी सुकरी आली. जिवतीच्या पहाडावरची ही गोंड बाई त्यांची चाळीस वर्षांची मैत्रीण. वच्छलाबाई तिथल्या शाळेत नव्या शिक्षिका म्हणून गेल्या, तेव्हा सुकरीनंच त्यांना आपल्या घोंगडीत घेतलं होतं. चारोळीची टोपली ओसरीवर टेकवते न टेकवते तोच पियुष शेजारून निघून गेला.

"बाई, पोट्टा पेते तुमचा."

"हळू बोल ना वो!"

"घ्या! पेते तो, अन् हळू मी बोलू?"

वच्छलाबाईंना राग आला. "तुमच्यात चालते, सुकरे. सनाले, लगनाले. आमच्यात नाई चालत."

सुकरी हसली, पण डोळ्यांनी नाही. "चालते म्हून तर माहा भाऊ गेला. आमच्यात मोहाची पयली धार पूर्वजाले, मंग साऱ्याइले. एकटा कोनी पेताना दिसला का गाव इचारते, काऊन बाबा, का दुखते तुले? भावालेबी इचारलं होतं. पन नेलं कुठी? पुजाऱ्यापाशी. दवाखान्यात नाई नेलं. ते आमचं चुकलं. तुमचं दवाखाना मालूम असून चुकते. पाप म्हंता, मंग इचाराले तोंडच राहत नाई."

चहा झाला. सुकरी बाजारात गेली. 

संध्याकाळी पियुष चपला शोधू लागला, तेव्हा वच्छलाबाईंनी त्याचा हात धरला. दारूचं नाव काढलं नाही.

"वंदनेले काऊन बसत नाई रे? अभ्यास सोडला, तसा बुद्धबी सोडला काय तू?"

"नाई आजी." तो दाराच्या चौकटीला टेकला. "पाचवं शील कसं घेऊ? दारूपासून दूर राहीन म्हनतो, अन् मोडतो. म्हनजे खोटंबी बोललो. पाचव्यासंगं चौथंबी जाते."

वच्छलाबाईंना हसू आलं अन् डोळेही भरले. इतका हिशेबी प्रामाणिकपणा या घराण्यात आणखी कुणाकडे होता?

"का दुखते रे तुले, बाळा?"

 तो खाली बसला अन् त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकवलं. "झोपच येत नाई. छाती धडधडते. वाटते, सारे पुढी गेले, मीच राह्यलो. पेलं का थोडं थांबते. मंग जास्तच होते."

"डॉक्टरकडे जाऊ."

"लोक का म्हनतील?"

 हाच प्रश्न इतके दिवस वच्छलाबाईंच्याही मनात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चंद्रपूरच्या एसटीत बसले. पुढच्याच बाकावर गुणवंतराव, विहार समितीचे अध्यक्ष. मान वळवून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "जय भीम, बाई! कुठी चालले आजी-नातू?"

पियुषनं आजीचा पदर ओढला. वच्छलाबाईंच्या जिभेवर 'लगनाले' हा शब्द तयार होता. त्यांनी तो गिळला.

"जय भीम, भाऊ. दवाखान्यात. पियुषले मनाच्या डॉक्टरले दाखवाचं हाय. झोप नाई त्याले, अन् दारूचीबी सवय लागली."

आजूबाजूच्या चार माना वळल्या. पियुष खिडकीकडे तोंड करून बसला, कान लाल. गुणवंतराव पुढे पाहू लागले. गाडी वर्धा नदीच्या पुलावर आली.

पूल ओलांडल्यावर ते उठले अन् धक्के खात वच्छलाबाईंशेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसले. आवाज अगदी खाली आला.

"बाई, कोन्या वारी बसते तो डॉक्टर? आमच्या पोट्ट्याले, विक्कीले, आनावं म्हनतो."